खाडीचं तांबडं पाणी

तिसरा उंदीरही मेला. पहिल्या दोघांसारखाच तो आधी मागच्या पायांत लटपटला, मग कुशीवर पडून धापा टाकू लागला आणि मग थांबला. चंद्रावतीनं वेळ लिहून टाक खाली ठेवला. हे पांढरे उंदीर शार्क माशाच्या यकृततेलाच्या चाचणीसाठी मुंबईहून बोटीनं आणवलेले होते. त्यांतल्या तिघांना तिनं आज तिसऱ्यांचा, म्हणजे खाडीतल्या शिंपल्यांचा, अर्क टोचला होता. ते शिंपले खाडीकाठच्या गंगूनं सकाळीच कोळंबच्या खाडीतून वेचून आणून दिले होते.

"मेलो?" दारातून विश्रामनं विचारलं. तो प्रयोगशाळेचा शिपाई.

"मेला. गंगू गेली का?"

"नाय. भायर बसली आसा. टोपली परत व्हयी म्हणता."

मालवणच्या धक्क्याजवळची ती सरकारी मत्स्यप्रयोगशाळा म्हणजे दोन खोल्या आणि एक पडवी. चंद्रावती नाबर तिथं छप्पन साली संशोधन साहाय्यक म्हणून रुजू झाली, त्याला आता दोन वर्षं होत आली होती. गावातल्याच काशिनाथ मास्तरांची ती एकुलती मुलगी. मुंबईहून प्राणिशास्त्रात एम.एस्सी. होऊन आलेली. 'मास्तरांचा चेडू सरकारचे माशे कापता' असं बाजारात लोक म्हणत, पण मास्तर समोर असले की म्हणत नसत.

त्या चैत्रात खाडीचं पाणी मधूनमधून तांबडं दिसू लागलं होतं, विटेची पूड कालवावी तसं. थेंबभर पाणी सूक्ष्मदर्शकाखाली घेतलं की कवचधारी, एकपेशी जिवांची नुसती गर्दी दिसे. त्यातच एकदा गंगू बोलता बोलता म्हणाली होती, "हल्ली तिसरे खाल्ले काय ओठांक मुंगये येतत, बाय." गंगू सहज बोलून गेली. चंद्रावतीनं ते सहज घेतलं नाही, म्हणून आजचे हे तीन उंदीर.

गंगू पायरीवर पदरानं वारा घेत बसली होती. तिशीची बाई. नवरा होडीबरोबर गेला त्याला काही वर्षं झाली होती. घरात दोन मुलं आणि म्हातारी सासू, यमुनाबाई. ओहोटीला खाडीत उतरायचं, चिखलातून तिसऱ्या वेचायच्या, थोड्या विकायच्या, उरलेल्या शिजवायच्या, यावर घर चाले. चंद्रावतीला नमुने लागले की तेही तीच आणून देई.

"गंगू, या तिसऱ्या आता खायच्या नाहीत. कोणीच नाही," चंद्रावती म्हणाली. कचेरीत बसली की ती सवयीनं पुस्तकी मराठी बोले.

"शिजयले तरी?"

"शिजवून हे विष जात नाही. भाजूनही नाही."

गंगूनं दारातून आत पाहिलं. टेबलावर उंदीर आडवे पडले होते. ती बराच वेळ बघत राहिली.

"मगे माका कित्या काय जावक नाय?"

"तू थोड्या खाल्ल्यास. आणि विष रोज वाढतंय."

गंगूला ते पटलं. तिनं आणखी दोन प्रश्न विचारले: कालवांतही असतं का, आणि लहान पोरांना थोड्यानंही होईल का. दोन्हींची उत्तरं 'हो' होती. तिनं मान डोलावली.

"कितके दिस?"

"पाणी निवळेपर्यंत. पंधरा दिवस, महिना. नक्की सांगता येत नाही."

"मगे खावचा काय?"

"मासे खा. माशांना काही झालेलं नाही."

गंगू हसली. चिडून नव्हे. लहान मूल काहीतरी बोलून गेलं की मोठी माणसं हसतात तशी. "माशे खावक घरात पुरुस व्हयो, बाय," ती म्हणाली आणि रिकामी टोपली काखेत मारून निघून गेली.

त्याच दिवशी चंद्रावतीनं मामलेदार कचेरीला कळवलं. दुसऱ्या दिवशी चावडीवर, बाजारात आणि शाळेच्या भिंतीवर सूचना लागल्या. वाड्यावाड्यांतून दवंडी फिरली. मुंबईला तिचे गुरू डॉक्टर सबनीस यांना तार गेली. पुढे तिनं हे सगळं कितीदा तरी आठवून पाहिलं. कुठं उशीर झाला होता का, काही राहिलं होतं का, ते शोधलं. काही सापडलं नाही. करायचं ते सगळं वेळेत झालं होतं.

सबनीस पुढच्याच बोटीनं आले. साठीला टेकलेला, उंच, पांढरा कोट घालणारा माणूस. मुलींना प्रयोगशाळेत घेऊ नये असं त्यांच्या विभागात बाकी सगळ्यांचं मत होतं, तेव्हा त्यांनी चंद्रावतीला घेतलं होतं आणि किल्लीही तिच्याकडेच ठेवली होती. आल्या आल्या चहा न घेता ते सूक्ष्मदर्शकावर वाकले. डोकं वर केलं तेव्हा त्यांचा आवाज जरा बदलला होता.

"नाबर, हे आपल्या किनाऱ्यावर कोणी पाहिलेलं नाही. निदान लिहून ठेवलेलं नाही."

त्या दिवशी ते मास्तरांकडेच जेवले. बांगड्याचं तिखलं, भात, सोलकढी. जेवताना म्हणाले, "मास्तर, परदेशात याच विषावर एका ठिकाणी काम चाललंय. शिष्यवृत्तीचं मी बघतो. तीन वर्षांत ही डॉक्टर होऊन येईल." मास्तरांनी घास हातात तसाच धरून मुलीकडे पाहिलं. मग ते उठले, हात धुवायला म्हणून मागल्या दारी गेले आणि पुष्कळ वेळ आलेच नाहीत. चंद्रावती चुलीपुढं पाठमोरी बसून हसत होती. इतकं सुख तिला आजवर झालेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सबनीस आणि ती दोघं लहान होडीतून खाडीत पाण्याचे नमुने घेत होती. काठावरून विश्राम हाका मारू लागला. होडी काठाला लागायच्या आधीच त्यानं सांगितलं, "गंगू पडली. हातपाय हलणत नाय."

गंगूचं घर माडांत होतं. घरापुढच्या खळ्यात चटईवर तिला निजवलं होतं. यमुनाबाई उशाशी बसून झावळीच्या तुकड्यानं वारा घालत होती. मुलं शेजारणीनं आपल्या घरी नेली होती. गंगूचे डोळे उघडे होते आणि तिला सगळं समजत होतं.

चंद्रावती तिच्याजवळ मातीत बसली. "काय खाल्लंस गो?" ती आता पुस्तकी बोलत नव्हती.

गंगूची जीभ जड झाली होती. "तिसरे."

"तुका ठावक होता मां?"

"व्हय." मग थोडं थांबून, एकेक शब्द गोळा करत ती म्हणाली, "पोरांक नाय दिलंय. म्हातारेकय नाय. तेंका पेज दिलंय. पेज तितकीच होती."

सरकारी दवाखान्याचे डॉक्टर आले. या विषावर उतारा नाही हे त्यांना चंद्रावतीनंच सांगितलं. श्वास चालू ठेवता आला तरच काही होईल. गंगूचा श्वास आखडू लागला तेव्हा डॉक्टरांनी तिला पालथं निजवून पाठ दाबायला सुरुवात केली. ते दमले तेव्हा सबनीसांनी कोट काढून विश्रामच्या हाती दिला आणि ते गुडघ्यांवर बसले. दोघं आळीपाळीनं करत राहिले. सबनीसांचा सदरा घामानं पाठीला चिकटला होता. ऊन कलायच्या आत गंगू गेली. तरी ते थोडा वेळ दाबतच होते. मग डॉक्टरांनी त्यांचा हात धरला.

बायका रडू लागल्या. सबनीस माडाला टेकून उभे राहिले. थोड्या वेळानं चंद्रावतीजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "भांड्यात काही उरलं असेल तर ते घ्यायला हवं, नाबर."

ते बरोबर होतं. न घेणं चूक झालं असतं. चंद्रावती रांधपाच्या खोलीत गेली. मडक्याच्या तळाशी शिजलेल्या पाचसहा तिसऱ्या होत्या. तिनं पिशवीतून बाटली काढली आणि चिमट्यानं एकेक आत टाकली. यमुनाबाई दारात येऊन उभी राहिलेली तिला दिसली नव्हती.

"काय करतलंस तेंचा?"

"तपासतलंय."

"आधी तपासलंस मां?" यमुनाबाई म्हणाली.

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच समजून घ्यायचं होतं. चंद्रावतीनं बाटलीला बूच लावलं. 

आठवड्यानं एका वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. 'अज्ञानामुळे विधवेचा मृत्यू' असा मथळा होता. मास्तरांनी ते मोठ्यानं वाचलं. चंद्रावती तांदूळ निवडत होती.

"खोटा आसा ता," ती म्हणाली.

"मेली नाय काय ती?"

"मेली. अज्ञानान नाय मेली."

मास्तरांनी चष्मा काढून तिच्याकडे पाहिलं. ती तांदूळ निवडत राहिली.

सबनीस मुंबईला परतले होते. पाणी अजून तांबडंच होतं. चंद्रावती रोज नमुने घ्यायची आणि परतताना खाडीकाठच्या वाडीत जायची. तिसऱ्यांवर पोट भरणारी बारातेरा घरं होती. बहुतेक ठिकाणी घरात कर्ता पुरुष नव्हता. आज काय रांधलं, एवढंच ती विचारायची. पहिल्या दिवशी सगळ्यांनी भात सांगितला. तिसऱ्या दिवशी एकीनं मडकं उघडून दाखवलं. त्यात पाणी होतं आणि पाण्यात थोडा पाला.

मग ती रापणीवर गेली. किनाऱ्यावरून समुद्रात मोठं जाळं टाकून पुरुष दोन्ही बाजूंनी दोर ओढत आणि आलेल्या मासळीचे वाटे घालत. या रापणीचा म्होरक्या सहदेव तांडेल. पन्नाशीचा, थोडं बोलणारा माणूस. चंद्रावतीनं त्याला विष कसं तयार होतं ते सांगितलं, ते किती काळ टिकतं ते सांगितलं, या घरांना महिनाभर तरी मासळी द्यायला हवी असं सांगितलं. ती चांगलं बोलली. आजूबाजूला माणसं जमली. कोणीतरी मागं हसलं.

सहदेवानं सगळं ऐकून घेतलं. "बाईनू, रापण म्हणजे देवाचो परसाद नाय वाटूक. जो दोर वडता तेका वाटो."

"मग त्यांना दोर ओढू द्या."

"बायलो? रापणीक?" सहदेवानं मान हलवली आणि तो जाळ्याकडे वळला.

परतताना तिनं ते यमुनाबाईला सांगितलं. सांगण्यासारखं दुसरं काही नव्हतं म्हणून सांगितलं. म्हातारी सुनेचं लुगडं दांडीवर वाळत घालत होती.

"दोर वडता तेका वाटो, असा म्हणालो?"

"व्हय."

यमुनाबाईनं लुगड्याच्या सुरकुत्या हातानं सारख्या केल्या आणि ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चंद्रावती किनाऱ्यावर आली तेव्हा रापण ओढायला सुरुवात झाली होती. दोराच्या अगदी शेवटी, शेवटच्या पुरुषामागं, यमुनाबाई कासोटा मारून उभी होती. तिनं दोर धरला होता. तिच्या मागं आणखी दोघी आल्या, मग चौघी. एका जवानानं मागं वळून सहदेवाला हाक मारली. सहदेवानं पाहिलं. सगळे थांबले.

"वडूंदे," सहदेव म्हणाला. "असे बघत रवल्यात तर जाळा खंय येतला?"

जाळं वर आलं. तारले मासे बरे लागले होते. वाळूवर वाटे पडले. अखेरीस एक अर्धा वाटा यमुनाबाईपुढं आला. तिनं त्याकडे पाहिलं, मग सहदेवाकडे.

"मी दोर अर्धो वडलंय काय रे, सहदेवा?"

 सहदेव वाकला आणि ओंजळी भरभरून तारले तिच्या ढिगात घालू लागला. यमुनाबाई पुरे म्हणेपर्यंत घालत राहिला.

चंद्रावती दूर उभी होती. तिच्या मनात आलं की आत्ता इथं काहीतरी घडलं, आणि काल मी इतकं बोलून ते घडलं नव्हतं. यालाही काही शास्त्र असेल. असेल, तर मला ते येत नाही.

महिन्याभरात पाणी निवळलं. आणखी कोणी दगावलं नाही. पावसाळाभर तिनं अहवाल लिहिला, आकृत्या काढल्या, आकडे दोनदोनदा तपासले. कामात तिनं कसूर केली नाही. बोटी सुरू झाल्यावर ती मुंबईला गेली आणि सगळे कागद सबनीसांच्या टेबलावर ठेवून म्हणाली, "सर, मी शिष्यवृत्तीला अर्ज करणार नाही. नोकरीही सोडतेय. इथं समाजकार्य शिकवणारी एक संस्था आहे, तिथं प्रवेश घेतेय."

सबनीसांनी कागदांना हात लावला नाही.

"तुला मी घेतलं तेव्हा विभागातले दोघं माझ्याशी महिनाभर बोलत नव्हते."

"ठाऊक आहे, सर."

"ते म्हणत होते, मुलगी आहे, सोडून जाईल."

"लग्न करून जाईल म्हणत होते. मी लग्नासाठी नाही जात."

"जाणं ते जाणंच. तुझ्यामागून जी कोणी येईल तिला ते तुझं नाव सांगतील."

चंद्रावतीनं टेबलावरच्या कागदांच्या कडा सारख्या केल्या. 

"लोकांचं अज्ञान घालवायला पुष्कळ माणसं आहेत," सबनीस म्हणाले. "हे विष ओळखणारी तू एकटी आहेस."

"गंगू अज्ञानानं नाही मेली, सर. मी सांगितलं ते तिला सगळं समजलं होतं. पटलंही होतं. विषाबद्दल तिला माझ्याइतकंच माहीत होतं. मी तेवढंच शिकलेय."

सबनीसांनी कागद पुढं ओढले आणि पहिलं पान चाळलं. "निबंधावर तुझं नाव पहिलं राहील," ते म्हणाले. एवढंच. नंतर त्यांचं पत्र आलं नाही. तिनं दरवर्षी दिवाळीला एक कार्ड पाठवलं. उत्तर कधीच आलं नाही.

घरी आल्यावर मास्तरांनी विचारलं, "ह्या शिकान तू काय जातलंस, चंदा?"

"कोणाक तरी शिकवतलंय."

"काय शिकवतलंस?"

"कसा इचारूचा ता."

मास्तर खळ्यात येरझारा घालू लागले. ते दुखावले होते हे तिला कळत होतं. गावात ज्यांना ज्यांना त्यांनी परदेशाबद्दल सांगितलं होतं, त्या सगळ्यांना आता वेगळं काहीतरी सांगावं लागणार होतं. शेवटी थांबून ते म्हणाले, "मी हयातभर उत्तरांच शिकयलंय." मग आत जाऊन त्यांनी स्वतःच तिची ट्रंक माळ्यावरून खाली काढली.

मुंबईच्या त्या संस्थेत ती वर्गात सगळ्यांत मोठी होती. सुरुवातीला तिला काम जमेना. वस्तीत गेली की ती नमुना घेतल्यासारखे प्रश्न विचारी आणि उत्तर मिळालं की उठे. तिच्या मार्गदर्शक बाई एकदा म्हणाल्या, "तुम्ही माणसाला बाटलीत भरताय, मिस नाबर." ते तिला फार लागलं. त्यानंतर ती लिहायचं सोडून नुसती बसायला शिकली. बसायला शिकायला तिला वर्ष लागलं.

त्रेसष्ट साली कुडाळला एका न्यासानं समाजकार्याचं छोटं विद्यालय काढलं आणि चंद्रावती तिथं शिकवायला आली. पूर्वीच्या भाताच्या कोठारात वर्ग भरत. आठवडा बाजाराच्या दिवशी बैलगाड्यांच्या गलबल्यात शिकवणं ऐकू येत नसे. मुली बहुतेक आसपासच्या गावांतल्या, काही घाटावरच्या. पहिल्या तासाला ती फळ्यावर काही लिहीत नसे. एवढंच विचारी: "एका बाईला माहीत आहे की समोरच्या मडक्यात विष आहे. तरी ती खाते. का?"

मुली सांगत: अडाणी असेल, देवावर भरवसा असेल, वेडी असेल, जीव द्यायचा असेल. ती कोणाचंच उत्तर चूक म्हणत नसे. मग त्यांना चार दिवस गावात धाडी. घरात जायचं, बसायचं, आज काय रांधलं ते कळेपर्यंत उठायचं नाही. मुली परत आल्या की पहिला प्रश्न पुन्हा विचारी. बहुतेक जणी तेव्हा आपलं पहिलं उत्तर मागं घेत. एखादी रडे.

सुट्टीत ती मालवणला जाई. खाडीकाठच्या बायकांनी दर हंगामात मूठमूठ तांदूळ आणि कुळीथ बाजूला टाकून एक कणगी भरायला सुरुवात केली होती. ती यमुनाबाईच्या पडवीत असे. म्हातारी गेल्यावर गंगूच्या मुलीनं, नर्मदानं, ती सांभाळली. गंगूचा मुलगा सहदेवाच्या रापणीवर जाऊ लागला. चंद्रावतीनं या कणगीत एक दाणाही टाकला नव्हता. टाकू का म्हणून एकदा विचारलं होतं, तर यमुनाबाई म्हणाली होती, "तू बस. तुजा काम ता."

सदुसष्ट सालच्या चैत्रात एका सकाळी पहिल्या गाडीनं एक तरुण मुलगी कुडाळला उतरली आणि विचारत विचारत विद्यालयात आली. मालवणच्या प्रयोगशाळेत नव्यानं आलेली दुर्गा केरकर.

"पाणी तांबडं झालंय, बाई," ती दारातूनच म्हणाली. "चाचणी लावलीय. पण निकाल येईपर्यंत मी थांबले नाही. विश्रामनं तुमचं नाव सांगितलं."

चंद्रावतीनं वर्ग सोडला नाही, वर्गच बरोबर घेतला. दुपारपर्यंत सगळ्या मुली मालवणला पोचल्या आणि दोघीदोघी करून वाड्यांत गेल्या. नर्मदानं कणगी उघडली. सहदेव आता थकला होता, रापणीवर फक्त उभा राही. त्यानं काही विचारलं नाही. बायकांना दोराला जागा करून द्या, एवढंच जवानांना सांगितलं. त्या वर्षी कोणीही मेलं नाही. वर्तमानपत्रात त्यामुळं काहीच आलं नाही.

पण ते पुढचं. त्या पहिल्या दुपारी चंद्रावती आणि दुर्गा खाडीच्या काठानं चालत होत्या. ओहोटी होती. दुर्गानं पाण्याची बाटली उन्हात धरून दाखवली आणि त्यातल्या जिवाचं लॅटिन नाव सांगितलं. चंद्रावतीला ते आठवेना. मधल्या काळात नावच बदललंय, असं दुर्गा म्हणाली. तरी चंद्रावतीला वाईट वाटलं.

"तुझे मार्गदर्शक कोण होते?" तिनं विचारलं.

"सबनीस सर. त्यांची शेवटची विद्यार्थिनी मी." दुर्गानं बाटली पिशवीत ठेवली. "सर गेले, बाई. माघात. तुम्हाला कळलं नसेल."

चंद्रावती चालत राहिली. काही पावलांनी म्हणाली, "नाही कळलं."

"मला घेताना मुलाखतीत एकानं विचारलं होतं, दुसरी नाबर तर व्हायची नाही ना? तेव्हा नाबर कोण ते मला माहीत नव्हतं. मी नाही म्हणाले."

"बरं केलंस."

"सर वर्गात हे पाणी शिकवायचे. दरवर्षी. तुमचं नाव नाही घ्यायचे. माझी एक विद्यार्थिनी, असं म्हणायचे."

चंद्रावतीनं विचारलं, "विद्यार्थिनी होती म्हणायचे, की आहे?"

दुर्गानं आठवून पाहिलं. "आहे म्हणायचे."

पुढं काठावर फोंडाघाटची नीरजा उभी होती. व्यापाऱ्याची मुलगी, पहिल्या वर्षाची. समुद्र तिनं विद्यालयात आल्यावरच पाहिला होता. खाडीच्या मध्यावर, गुडघाभर चिखलात, पाचसहा बायका वाकून तिसऱ्या वेचत होत्या. नीरजा दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडत होती, "ताई, तिसऱ्या काढू नका. त्यात विष आहे." बायका मान वर करत नव्हत्या.

चंद्रावतीला पाहून ती म्हणाली, "ऐकतच नाहीत, बाई."

"इथून ऐकू जात नसेल."

"जातंय. एकीनं मघाशी पाहिलं माझ्याकडे."

 नीरजानं चिखलाकडे पाहिलं. काळा, बुळबुळीत, वास मारणारा चिखल. मग बायकांकडे पाहिलं. मग तिनं निऱ्या वर खोचल्या आणि चपला काढल्या. त्या कुठं ठेवाव्यात ते तिला कळेना. काठ सगळा ओला होता आणि भरती सुरू होत होती. चंद्रावतीनं हात पुढं केला.

"नको, बाई. तुम्ही कशाला."

"दे."

नीरजानं संकोचून चपला तिच्या हातात दिल्या आणि ती उतरली. पहिल्याच पावलाला घसरली, सावरली, पुन्हा घसरली. ती जवळ जाईपर्यंत बायका कामातच होत्या. मग सर्वांत कडेच्या बाईनं कंबर सरळ केली आणि तिला धरायला हात दिला. नीरजा तिच्याशेजारी वाकली. दोघी काहीतरी बोलू लागल्या. काठावर त्यातलं काही ऐकू येत नव्हतं.

"मी निघू, बाई? नमुने पोचवायचेत," दुर्गा म्हणाली.

"जा तू."

दुर्गा गेली. पाणी हळूहळू काठाकडे सरकत होतं. चंद्रावती एक पाऊल मागं झाली आणि मुलीच्या चपला हातात धरून तिथंच उभी राहिली.